जोडीला भाया

केजमध्ये इंग्रजीचा क्लास घेते असं सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, "स्पोकन का?" नाही म्हटलं की विचारतो, "मग दहावीचा?" तेही नाही म्हटलं की तो माझ्याकडे जरा कीव आल्यासारखा बघतो. ज्यांना इंग्रजी येतं त्यांनाच मी इंग्रजी शिकवते, हे बसस्टँडवर उभ्या उभ्या समजावणं अवघड आहे. दिवाळी अंकात जागा मिळाली आहे, तर एकदाचं सांगून टाकते.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण नर्स, लॅब टेक्निशियन, फार्मसीवाले किंवा कृषी पदवीधर असतात. कुणाला परदेशात नोकरी हवी असते, कुणाला पुढं शिकायचं असतं. त्यासाठी इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. या लोकांना इंग्रजी पेपर वाचता येतो, साहेबाला ईमेल लिहिता येतो, यूट्यूबवरचं भाषण कळतं. विहिरीत उतरलेले आहेत, हातपायही मारतात, पण काठ सोडायला तयार नाहीत. अशांना शिकवणं नवख्याला शिकवण्यापेक्षा कठीण. नवख्याला निदान आपल्याला येत नाही हे माहीत असतं.

क्लास मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, खताच्या दुकानावर आहे. ऐकण्याच्या सरावाची ध्वनिफीत लावली की नेमकी खाली युरियाची गाडी येते आणि हमाल एकमेकांना हाका मारायला लागतात. सुरुवातीला मी खिडक्या लावून घ्यायची. आता लावत नाही. या गोंगाटात ज्याला परदेशी माणसाचं बोलणं कळलं, त्याला परीक्षेच्या शांत खोलीत सगळं सोपं जातं.

वाचन, लेखन, ऐकणं या तिन्हीला सरावाने धार लावता येते. चौथा भाग बोलण्याचा. त्यात दोन उमेदवारांना एकदम आत घेतात. समोर दोन परीक्षक असतात. एक बोलतो, दुसरा मागे बसून नुसता ऐकतो आणि गुण देतो. मध्येच टेबलावर एक कागद ठेवतात. त्यावर एक प्रश्न आणि त्याच्याभोवती पाच मुद्दे. त्यावर दोघांनी एकमेकांशी बोलायचं. परीक्षकाकडे बघायचंही नाही. एकाने एक म्हणायचं, दुसऱ्याने ते खोडायचं, पटवायचं, पटवून घ्यायचं आणि शेवटी मिळून एक मुद्दा निवडायचा. एवढंच.

या "एवढंच"वर आमचा जिल्हा गडगडतो.

माझे वडील ऊसतोड कामगारांसाठी पत्रकं लिहायचे आणि स्वतःच छापायचे. घरात पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे फार. मी अक्षरं शिकले ती "जाहीर आवाहन"वरून. त्यामुळं माझी लहानपणापासून पक्की समजूत होती की इथल्या प्रत्येक माणसाला सांगण्यासारखं काहीतरी आहे, त्याला फक्त सांगायला जागा पाहिजे. क्लास सुरू केला आणि जागा दिली. मग कळलं की मत असणं वेगळं आणि ते थोरल्या माणसाच्या तोंडावर सांगणं वेगळं.

एकदा सराव परीक्षेत उमापूरच्या एका पोराची जोडी चकलांब्याच्या एकाशी लावली. विषय होता, गावात पर्यटक यावेत म्हणून काय करावं. उमापूरच्याने चांगल्या खणखणीत इंग्रजीत पहिला प्रश्न विचारला, "तुमचं मूळ गाव चकलांबाच का?" मग आडनाव झालं. मग मामाचं गाव झालं. मग अमक्या-तमक्यांना तुम्ही ओळखता का झालं. पर्यटक गेले वाऱ्यावर. वेळ संपता संपता निष्पन्न झालं की चकलांब्याचा हा नात्याने त्याचा मामा लागतो. दोघं हात मिळवून उठले. मी दुसरा विषय दिला, तर भाचा प्रत्येक वाक्याला मान डोलवायला लागला.

"अरे, खोडून काढ की त्याचं," मी म्हटलं.

"मॅडम, मघाशी म्हणला असता तर खोडलं असतं. आता मामा निघाला न्हाई का!"

तसेच पालक. एक गृहस्थ गेवराईहून मुलाला घेऊन आले आणि म्हणाले, "तुमी उत्तरं छापून द्या. पोरगं पाठ करतंय. पाठांतराला वाघ हाय." मी म्हटलं, छापील उत्तरं मी देत नाही. ते म्हणाले, मोठ्या शहरातले क्लास देतात. देतात, हे खरं आहे. आणि मग एकाच क्लासची सगळी पोरं परीक्षकाला सांगतात की त्यांच्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस आजोबांबरोबर गोव्याला गेला. परीक्षक काही बोलत नाहीत. फक्त गुण देत नाहीत. मी छापील उत्तरं विकत नाही आणि पास झालेल्यांचे फोटो लावून चौकात फ्लेक्सही उभारत नाही. त्यामुळं माझा क्लास लहान आहे. लहान आहे तेच बरं आहे.

या क्लासात सुरेखा आली.

सुरेखा युसूफ वडगावची सून. घरचं किराणा दुकान, थोडी शेती. ती केजच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती आणि ड्यूटीआधी सकाळच्या बॅचला यायची. बोलायला तिखट. मी काही म्हटलं की तिचं "पण मॅडम" तयार. सरकारी दवाखान्यांवर मी एकदा जरा लांबलचक बोलले, तर तिने इंग्रजीत मला असं काही उलटं तपासलं की माझं निम्मं म्हणणं मला मागं घ्यावं लागलं. अशी विद्यार्थिनी मिळाली की मास्तराचा दिवस चांगला जातो.

संध्याकाळच्या बॅचला तिचे थोरले दीर यायचे. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे, मीही म्हणू लागले. केजच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ते टेक्निशियन होते. शांत, नेटका माणूस. कपाळावर विभूती, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं मोजकं. युरोपातल्या एका दवाखान्याने दोघांनाही घ्यायची तयारी दाखवली होती. अट एकच, या परीक्षेची. आणि घरची अट दुसरी. आप्पा जाणार असतील तरच सुरेखा जाणार. तिचा नवरा बसू दुकान बघायचा. तो मागाहून जाणार असं ठरलं होतं.

दोन वेगळ्या बॅच असल्यामुळं मी दोघांना एकत्र कधी पाहिलंच नव्हतं. आमच्या परीक्षा केंद्रावर बोलण्याच्या जोड्या यादीतल्या क्रमाने लावतात आणि यादी आडनावाप्रमाणे असते. दोघांचं आडनाव एक. म्हणजे हे दोघं समोरासमोर येणार. मला आनंदच झाला. घरचीच जोडी, बुजणार नाहीत. एका रविवारी मी दोघांना बोलावलं.

सुरेखा आली ती ओढणी डोक्यावर घेऊन. खुर्ची तिने जरा तिरकी केली आणि खाली मान घालून बसली. प्रश्न होता, छोट्या गावात राहणं सुखाचं व्हावं म्हणून आधी काय हवं? बाग, वाचनालय, दवाखाना, बाजार की बस. आप्पा म्हणाले, बाजार. सुरेखा म्हणाली, येस. आप्पा म्हणाले, दवाखाना नसला तरी चालतं, अंबाजोगाई जवळच आहे. सुरेखा म्हणाली, येस.

दोनच दिवसांपूर्वी तिने मला अंबाजोगाईच्या वाटेवर जीपमध्ये बाळंत झालेल्या बाईची हकिगत सांगितली होती. बाळंतपणासाठी ती जीप तिने स्वतः थांबवली होती.

आप्पा गेल्यावर मी तिला थांबवलं. "काय झालं तुला?"

"काय न्हाई."

"काय न्हाई काय? तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का?"

"मॅडम, आप्पा भाया हायत माझे."

माहीत नसलेल्यांसाठी सांगते. भाया म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. सासऱ्याच्या जागी. जुन्या वळणाच्या घरांत धाकट्या भावाची बायको त्याच्याशी सरळ बोलत नाही. ती घरातल्या एखाद्या पोराला सांगते, "आप्पांना म्हणावं, जेवण वाढलंय." आप्पा तिथंच, चार हातांवर बसलेले असतात. ते पोराला सांगतात, "म्हणावं, आलोच." पोरगं खेळण्यात गुंतलेलं असतं, ते कुणालाच काही म्हणत नाही. तरी निरोप पोचतो. सुरेखाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि या काळात तिने आप्पांशी एक वाक्यही थेट बोललेलं नव्हतं.

माझ्या जिभेवर अख्खं पत्रक आलं. ते मी म्हणून टाकलं. सुरेखाने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमी बोलून मोकळ्या झाल्या, मॅडम. मला त्याच घरात भाकरी टाकायच्यात. आन आप्पा काय वाईट माणूस न्हाई. लग्नानंतर मला नर्सिंगला त्यांनीच घातलं, बरं का. आत्याबाईंशी, आमच्या सासूबाईंशी, भांडून."

"मग त्यांनी तुला बोलू नको म्हटलंय का?"

"कुणीच न्हाई म्हणलेलं. तीच तर अडचण हाय. म्हणलं असतं तर भांडता तरी आलं असतं."

मी केंद्राला फोन केला. उमेदवाराने कारण देऊन अर्ज केला तर जोडी बदलता येईल, असं ते म्हणाले. सुरेखा ऐकेना. "अर्जात काय लिव्हू? भायासमोर तोंड उघडत न्हाई म्हणून? तिथल्या लोकांना हसू यील आन आप्पांना लाज. न्हाई जमायचं."

राहिले आप्पा. त्यांना मी सरळ सांगितलं की ती गप्प बसली तर तिचे गुण जातील आणि तुमचेही. तुम्ही एकटेच बोललात तर ते भाषण झालं, चर्चा नाही. आप्पा खरोखर बुचकळ्यात पडले.

"मी कधी आडवलं का तिला?"

"नाही. पण तुम्ही तिला कधी काही विचारलंय का?"

त्यांनी खिडकीतून खाली बघितलं. मग म्हणाले, "तसा प्रसंग आला न्हाई."

पुढच्या रविवारपासून प्रसंग आणायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी आप्पांनी घसा खाकरला आणि लहान मुलांना मोबाइल द्यावा का यावर तिचं मत इंग्रजीत विचारलं. खोलीत बाकीची चार-पाच मुलं होती, तीसुद्धा लिहायची थांबली. सुरेखाने माझ्याकडे बघितलं आणि मलाच उत्तर दिलं. तेही इंग्रजीत, अगदी नीट, "मॅडम, कृपया त्यांना सांगा, मला तसं वाटत नाही."

सगळा क्लास हसला. आप्पाही हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तिला बोलायचं होतं, फक्त मध्ये माणूस हवा होता. तो माणूस मी होते. म्हणून मी सगळ्यांना बाहेर काढलं, स्वतःही जिन्यात जाऊन बसले आणि दार लोटून घेतलं. आतून आप्पांचा आवाज आला. मग काहीच नाही. खाली हमालांनी एक पूर्ण गाडी रिकामी केली असेल, तोवर काहीच नाही. मग तिचा आवाज. बारीक, तुटक, पण तिचाच. मग परत आप्पांचा. मग दोघांचे एकदम.

दार उघडून आप्पा बाहेर आले ते कपाळ पुसत. "लई टोचून बोलती की हो ही!"

"मार्क मिळतात टोचलं की," मी म्हटलं.

"मंग टोचू द्या."

त्यानंतर दर रविवारी दोघं भांडायचे. दुसरा शब्द नाही. शाळेत गणवेश असावा की नसावा, म्हातारपणी गावात राहावं की लेकाकडे, स्वयंपाक पुरुषांनी शिकावा की नाही. या शेवटच्या विषयावर आप्पांचा असा काही पराभव झाला की त्यांनी मला विषय बदलायची विनंती केली. आणि क्लास सुटला की जिन्याच्या वरच्या पायरीवर सुरेखा ओढणी डोक्यावर घ्यायची, चार पावलं मागून चालायची. घरी पुन्हा तेच, "आप्पांना म्हणावं, च्या ठेवलाय." मला राग यायचा. मी वडिलांना बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, "पत्रक वाटलं म्हणजे मोर्चा निघाला असं नसतं, बाई."

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. मी माणसं बाहेर पाठवते. आमच्याकडे निम्मी गावं दिवाळी झाली की कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात. त्यांच्यामागं उरलेल्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना जिने औषधपाणी करायचं, अशी नर्स मी चांगली तयार करून परदेशात धाडते. या धंद्याचा मला अभिमान आहे. पण तो ताठ मानेने मिरवावा असा नाही. मी एकदा हे सुरेखाजवळ बोलले. ती म्हणाली, "मॅडम, हितं मला महिन्याला काय देतेत ते तुमाला माहीत हाय. मला राहा म्हणायचा हक त्यांना, जे मला राहण्यासारखं देतेत." 

परीक्षा पुण्यात होती. मी आणि बसू बाहेर फुटपाथवर थांबलो. बसू तसा मनानं चांगला पोरगा, पण थोरल्या भावासमोर तोही मान वर करत नसे. "मॅडम, बोलंल ना ती?" असं तो मला सारखं विचारत होता. आधी आप्पा बाहेर आले.

"काय आलं होतं?"

"नोकरीसाठी घर सोडताना माणसानं आधी कशाचा इचार करावा, असं आलतं. मी म्हणलो, घरच्यांचा."

"आणि ती?"

"ती म्हणली, स्वतःला जायचंय का न्हाई, याचा. मी म्हणलो, असं कसं. ती म्हणली, असंच. मी माझं सोडलं न्हाई, तिनं तिचं सोडलं न्हाई. शेवटी त्या बाईनं, परीक्षक बाईनं, थँक्यू थँक्यू म्हणून थांबवलं आमाला." त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. "मला वाटतं, ती बरोबर बोलली. इंग्रजी बरोबर, असं म्हणायचंय मला."

सुरेखा मागून आली. तिने पाण्याची अख्खी बाटली संपवली.

निकाल लागला. सुरेखा चांगल्या गुणांनी पास. आप्पा बोलण्यात पास झाले, लेखनात कमी पडले आणि एकूणात राहिले. दोनच दिवसांनी सगळं घर पेढे घेऊन क्लासवर आलं. सुरेखा, बसू, आप्पा आणि सुरेखाच्या सासूबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणते. आत्याबाई पहिल्यांदाच जिना चढून आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि बसल्या बसल्या निर्णयही सांगून टाकला.

"आप्पाचं फुडल्या बारीला हुईल, मॅडम. मंग दोघं संगंच जातील. घाई काय हाय?"

घाई होती. तिकडच्या दवाखान्याने महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलं होतं. पुढच्या बारीपर्यंत ती जागा राहणार नव्हती. हे मला माहीत होतं, सुरेखाला, बसूला आणि आप्पांनाही माहीत होतं.  बसू फरशीकडे बघत होता. आप्पा पेढ्याचा कागद उलगडत होते, परत मिटत होते. माझ्या ओठांवर वाक्यं आली होती, चांगली जळजळीत. मी बोलले असते तर आत्याबाई माझ्याशी भांडल्या असत्या, आणि सुरेखा पुन्हा माझ्याआड गेली असती. मी पेढा तोंडात टाकला.

सुरेखाने हातातलं ताट खाली ठेवलं.

"आप्पा, मी ह्याच बारीला जाणार हाय."

मराठीत. सरळ त्यांच्याकडे बघून.

"आगं ये," आत्याबाई म्हणाल्या, "कुणाशी बोलायलीस तू?"

"आप्पांशी बोलायले, आत्याबाई."

आप्पांनी पेढ्याचा कागद खिशात घातला. "एकटी?"

"एकटी. हे मागून येतील. तुमचं झालं की तुमीबी या."

"आन मी न्हाई म्हणलो तर?"

"म्हणा की. पण का म्हणून न्हाई, ते सांगा. आपल्यात असं नसतंय, एवढं सोडून कायबी सांगा. मी ऐकते."

आप्पांनी विचार केला. खरंच केला, कारण त्यांचे ओठ हलताना दिसत होते. "तिकडं थंडी लई."

"कपडे घेते."

"आजारी पडलीस तर?"

"दवाखान्यातच ऱ्हाणार हाय, आप्पा."

बसूला हसू आलं, ते त्याने खोकल्यात दाबलं. आत्याबाई थोरल्या लेकाकडे वळल्या. "आरं, बोल की आता! असा गप का बसलास?"

"काय बोलू, आई?" आप्पा म्हणाले. "मला कारण सापडंना."

खाली गाडी रिकामी होत होती. पोत्यांचा धपधप आवाज वर येत होता. आप्पा उठले आणि धाकट्या भावाकडे वळून म्हणाले, "बसू, तिला म्हणावं, तिकडच्या दवाखान्याला हो म्हणून कळव."

"मलाच सांगा की, आप्पा," सुरेखा म्हणाली.

आप्पा थांबले. आत्याबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. दोघींपैकी कुणीच मदत केली नाही. मग ते तिच्याकडे वळले.

"कळव," ते म्हणाले.